एकट्या औषधाची हार

क्षयरोगावरचे पहिले खरे औषध एका तळघरात सापडले. अमेरिकेतील रटगर्स येथे सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी महिना 40 डॉलरवर राबत होता. मातीतल्या जंतूंपासून 1943 साली त्याने स्ट्रेप्टोमायसीन काढले. 1952 चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या वाक्समन यांना मिळाले. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा पाय येथे अडतो; पण शॅट्झने 1950 साली कोर्टाची पायरी चढून सहसंशोधक हे नाव आणि स्वामित्वधनात वाटा मिळविला, एवढे सांगून पुढे जाऊ.

युद्धानंतर इंग्लंडजवळ डॉलर थोडे, म्हणून औषधही थोडे. तेथील वैद्यकीय संशोधन मंडळाने 107 रोगी घेतले, त्यांतील 55 जणांना औषध दिले आणि 52 जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातले 4 दगावले, दुसऱ्यातले 14. 1948 साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा केवढा आनंद! पाच वर्षांनी पाहिले तर दोन्ही गटांतले निम्म्याहून अधिक लोक गेलेले. पुष्कळांच्या अंगातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते.

असे का व्हावे? फुप्फुसात पडलेल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू असू शकतात. त्यांत दर दहा लाखांमागे एखादा जन्मतःच त्या औषधाला न जुमानणारा निघतो. बाकीचे मेले की रान त्याला मोकळे. दोन औषधे एकदम दिली तर दोहोंना पुरून उरणारा जंतू सापडणे फार दुर्मिळ. एकट्याने मालकापुढे उभे राहिलेल्याचे काय होते हे आम्ही पाहिले आहे; औषधाचेही तेच. 1950 साली स्ट्रेप्टोमायसीनला पासची जोड मिळाली, 1952 साली आयसोनियाझिड आले. मद्रासच्या केंद्राने 1959 साली दाखवून दिले, की दाटीवाटीच्या गरीब घरात राहूनही, औषध नीट घेतले तर, रोगी आरोग्यधामातल्याइतकाच बरा होतो.

'नीट घेतले तर' या तीन शब्दांतच सारी गोम आहे. ताप उतरला, चार घास जाऊ लागले, की माणूस कामावर धावतो. दवाखान्याचा दिवस म्हणजे खाड्याचा दिवस. आम्ही सभासदांना रागे भरत असू, "अरे, औषध सोडू नकोस." एकाने शांतपणे विचारले, "साहेब, खाड्याचे पैसे युनियन देते का?" आम्ही गप्प बसलो. त्यानंतर मालकांकडे द्यावयाच्या मागण्यांच्या यादीत आम्ही उपचाराची भरपगारी रजा घातली. ती अजूनही सर्वत्र मिळालेली नाही.

2011 च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी चार रोग्यांची हकीकत छापली. तपासलेले एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडत नव्हते. अशांना जुनी इंजेक्शने देत, आणि ती कधी कानच घेऊन जात. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींची श्रवणशक्ती उपचारात अशीच गेली.

2012 साली अमेरिकेत बेडाक्विलिनला मान्यता मिळाली. ही तोंडाने घ्यावयाची गोळी. कंपनीला तिचे पेटंट भारतात आणखी चार वर्षे लांबवून हवे होते. या दोघींनी हरकत घेतली आणि मार्च 2023 मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुलैत मूळ पेटंट संपले. ही गोळी आता प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन यांच्यासोबत सहा महिने देतात. एकटी देत नाहीत. तिलाही न जुमानणारे जंतू काही ठिकाणी दिसू लागले आहेत.