नावांचा संकेत आणि लिंटची राखण



मागच्या व्याख्यानात आपण शब्द आणि अर्थ यांच्या नात्याचा वाद पाहिला. मीमांसक म्हणतात, हे नाते उपजत आहे, कोणी ठरवून दिलेले नाही. नैयायिक म्हणतात, छे, तो संकेत आहे. ठरवला म्हणून चालतो. व्याख्यान संपल्यावर एक तरुण श्रोते आमच्याकडे आले. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. म्हणाले, "सर, हा वाद आमच्याकडे रोज होतो. फक्त निकाल यंत्र देतं." त्यांनी लॅपटॉप उघडून दाखवला. पडद्यावर सात फाइली उघड्या होत्या आणि सातही फाइलींचे नाव एकच: 'मॉड डॉट आरएस'. आम्हाला गंमत वाटली, आणि शंकाही आली. निकाल खरोखर यंत्र देते का? आजचे व्याख्यान त्या शंकेपायी आहे.

सुरुवात जरा मागून करू. १९७८ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी 'लिंट' नावाच्या प्रोग्रॅमविषयी लिहिले. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले धाग्यांचे बारीक पुंजके. त्या काळी सी भाषेचा कंपायलर आपले काम झटपट उरकून मोकळा व्हायचा, फार चौकशा करायचा नाही. ती खुसपटे काढण्याचे काम लिंटकडे आले. प्रोग्रॅम चालतो आहे, पण इथे काहीतरी संशयास्पद दिसते, एवढे ते सांगायचे. म्हणजे कायदा एकीकडे आणि शिष्टाचार दुसरीकडे, अशी ही वाटणी होती. ती लक्षात ठेवा.

आता रस्ट भाषेकडे येऊ. ग्रेडन होअर यांनी २००६ च्या सुमारास स्वतःच्या हौसेने ही भाषा सुरू केली. पुढे मोझिलाने तिला आश्रय दिला आणि १५ मे २०१५ रोजी तिची १.० आवृत्ती आली. मोठा प्रोग्रॅम एका फाइलीत मावत नाही. त्याचे भाग पाडतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. एका मॉड्यूलमधली वस्तू दुसरीकडे वापरायची तर तिची वाट सांगून ती आणावी लागते, तो इम्पोर्ट. थोडक्यात, मॉड्यूलचे नाव म्हणजे घराचे नाव आणि इम्पोर्ट म्हणजे त्या घराचा पत्ता.

घरांची नावे कशी लिहावीत हे रस्टच्या मंडळींनी १.० यायच्या आधीच, २०१४ मध्ये, जाहीर चर्चा करून ठरवले. मॉड्यूलचे नाव लहान अक्षरांत, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. याला स्नेक केस म्हणतात. प्रकारांची, म्हणजे टाइप्सची, नावे मात्र प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करून. यात उपजत असे काही नाही, हा निव्वळ संकेत आहे. पण तो पाळला की नुसते नाव पाहून समोर काय आहे ते कळते. आणि तो मोडला तर? कंपायलर इशारा देतो, पण प्रोग्रॅम चालतो. जॉन्सन यांनी वेगळा ठेवलेला शिष्टाचार इथे कंपायलरच्याच ओसरीवर येऊन बसला आहे.

याहून बारीक तपासणीसाठी क्लिपी नावाचे वेगळे साधन आहे. मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये मधूनमधून डोकावणारी कागदाची पिन तुम्हाला आठवत असेल, तिच्यावरून हे नाव आले. आज क्लिपीत सातशेहून अधिक नियम आहेत. त्यांतले दोनतीन पाहिले की आमचा मुद्दा स्पष्ट होईल.

पहिला नियम नावातल्या पुनरुक्तीचा. जोश्यांच्या घरात बसून कोणी "जोश्यांच्या गणेशा, इकडे ये" अशी हाक मारत नाही. तसे 'बिल' नावाच्या मॉड्यूलमधल्या वस्तूला 'बिलओळ' म्हणू नका, 'ओळ' पुरे, असे हा नियम सांगतो. रस्टच्या प्रमाण ग्रंथालयातही 'आयओ' आणि 'एफएमटी' या दोन्ही घरांत 'एरर' आहे, आणि बाहेर त्यांना घराच्या नावासकट हाक मारायची रीत आहे. पटते. पण हाच गणेश एकटा परगावी गेला तर? नुसते 'ओळ' हे नाव दूरच्या फाइलीत आले की ते कोणाचे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच हा नियम आधी 'अतिकाटेकोर' गटात होता आणि नंतर ज्याला हवा त्याने मुद्दाम लावून घ्यायच्या गटात गेला. आपला नियम सर्वांना लागू नाही, अशी कबुली देणारी नियमावली आम्हाला तरी दुर्मीळ वाटते.

दुसरा नियम घाऊक इम्पोर्टचा. तारांकन टाकून एका घरातली सगळी नावे एकदम आणता येतात. सोय मोठी, पण अशा दोन घरांतली नावे आणली आणि उद्या एका घराने नवे नाव घेतले, तेच दुसऱ्यातही असले, तर काल चालणारा प्रोग्रॅम आज अडतो. क्लिपीचा हा नियमही आपण लावला तरच बोलतो, आणि मुद्दाम घाऊक आणण्यासाठीच केलेल्या 'प्रील्यूड' मॉड्यूलला त्यातून सूट आहे.

आता त्या सात टॅबकडे वळू. पूर्वी मॉड्यूलच्या पोटात आणखी फाइली असतील तर फोल्डरमध्ये 'मॉड डॉट आरएस' ही फाइल लागायचीच. २०१८ मध्ये दुसरा पर्याय आला: फोल्डरच्या शेजारी त्याच नावाची फाइल ठेवा. झाले, दोन पंथ पडले. एक म्हणे, सगळे एका फोल्डरात बरे. दुसरा म्हणे, सात फाइलींना एकच नाव म्हणजे गोंधळ. क्लिपीने काय करावे? त्यात दोन नियम आहेत, एकमेकांच्या बरोबर उलट. एक 'मॉड डॉट आरएस'ला हरकत घेतो, दुसरा शेजारच्या फाइलीला. दोन्ही मुळात बंद. कोणता लावायचा ते तुमच्या चमूने ठरवायचे.

इथे आमच्या शंकेचे उत्तर मिळाले. यंत्र निकाल देत नाही. माणसांनी केलेला करार ते राखते, एवढेच. या मुद्द्यावर क्लिपी शुद्ध नैयायिक आहे!

पण खरी कसोटी पुढे आहे. संकेत बदलला तर आधी लिहिले त्यांचे काय? २०१५ च्या रीतीत इम्पोर्टमधली वाट प्रोग्रॅमच्या मुळापासून मोजली जाई आणि इतरत्र ती आपण उभे आहोत तिथून. नवशिके चुकायचे. ६ डिसेंबर २०१८ रोजी आलेल्या '२०१८ एडिशन'ने वाटांचे नियम सुधारले. तरी जुने मोडले नाही. ज्याने आपली एडिशन बदलली नाही त्याला जुनाच नियम लागू राहिला, आणि दोन एडिशनचे कोड एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी नांदतात. ज्यांना पुढे यायचे होते त्यांना लिंट जुनी वाट दाखवत होते आणि सोबतचे साधन बऱ्याच ठिकाणी ती दुरुस्तही करून देत होते. बदलाचा भार सगळाच लिहिणाऱ्याच्या डोक्यावर टाकला नाही.

हे ऐकून आम्हाला आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांची आठवण झाली. साहित्य महामंडळाच्या नियमांतही अशी रेघ आहे: केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाप्रमाणे छापावे, नंतरच्याला नवा नियम. नवा नियम करणाऱ्यांनी जुन्याला अशुद्ध ठरवले नाही.

शेवटचा टप्पा. सप्टेंबर २०२४ मधल्या १.८१ आवृत्तीपासून रस्टमध्ये एक सोय पक्की झाली. एखादा लिंट इथे मोडायचाच आहे, असे जाहीर करून त्याचे कारण शेजारी लिहिता येते. आणि पुढे ते मोडणे उरलेच नाही, तर यंत्र आठवण करते की ही सवलत आता काढा.

आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवले. नियम पाळावा का, हा प्रश्न विद्यार्थी दरवर्षी विचारत. आम्ही लांबलचक उत्तरे दिली. आता विचारले तर थोडक्यात सांगू: नियम संकेत आहे हे विसरू नका, तरी पाळा, कारण पुढचा वाचणारा त्याच्या भरवशावर आहे. मोडायचा असेल तर उघडपणे मोडा आणि कारण लिहून ठेवा. कारण संपले की सवलतही सोडा. यातला तिसरा भाग आम्हाला शिकवायला सुचला नव्हता. तो त्या तरुण श्रोत्यांमुळे मिळाला, त्यांचे ऋण आहे.

आज इथे थांबू.