कावळा, फांदी आणि तंबूतला पडदा

आमच्या गावात, नातेपुत्यात, सिनेमाचा विषय निघाला की हल्ली एकच वाक्य कानावर येते : "मोबाइलनं थेटर खाल्लं." शहरातले जाणकारही हेच सांगतात, जरा मोठ्या शब्दांत. त्यांचा पूर्वपक्ष असा : महिन्याला दोन-तीनशे रुपयांत घरबसल्या शेकडो चित्रपट मिळत असताना गाडीभाडे घालून, तिकीट काढून कोण जाईल? यापुढे थिएटर टिकेल ते मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये, गुबगुबीत खुर्च्या आणि तसेच दर लावून. आमच्यासारख्या गावांनी पडद्याची आशा सोडावी.

हे म्हणणे मला मान्य नाही. त्यात सांगितलेले कारण चुकीचे आहे, आणि कारण चुकले की उपायही चुकतो.

न्यायशास्त्रात कारणाची पहिली अट अशी की ते कार्याच्या आधी असले पाहिजे, आणि दर वेळी असले पाहिजे. या अटीवर हा दावा घासून पाहू. नेटफ्लिक्स भारतात आले जानेवारी २०१६मध्ये. जिओची सेवा सर्वांसाठी खुली झाली ५ सप्टेंबर २०१६ रोजी. त्याआधी आमच्याकडे मोबाइलवर पिक्चर बघायचा म्हणजे दुकानात जाऊन दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून आणायचे. मग जत्रेतले सिनेमाचे तंबू कधी बसले? शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजवर कित्येक वर्षे खपून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला. तो मे २०१६मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला परीक्षकांची खास दादही मिळाली. त्यातले तंबू चित्रीकरणाच्या वेळीच शेवटच्या घटका मोजत होते. म्हणजे मारेकरी गावात पोचण्याआधीच माणूस अंथरुणाला खिळला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी तसे हे झाले. फांदी आधीच किडलेली होती.

तंबू पाहिलेल्यांना ही कीड ठाऊक आहे. पुसेगावच्या यात्रेत दुपारपासून भोंगा सुरू व्हायचा. कनातीला ठिगळे असायची, त्यातून कडेच्या पोरांना फुकटचा अर्धा पिक्चर दिसायचा. ऑपरेटर कार्बनच्या कांड्या एकमेकींजवळ आणायचा, ठिणगी पडायची आणि पांढराशुभ्र झोत धुळीतून पडद्यावर जायचा. रीळ तुटले की अंधारात हजार माणसे एका आवाजात ओरडायची, आणि चिकटपट्टी लावून झोत परत पडला की तीच हजार माणसे एकदम गप्प व्हायची. ती शांतता मला आजही आठवते.

हे संपले ते अनेक घावांनी. आधी व्हिडिओ आला, मग केबल, मग सीडी. रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आली आणि जत्रेचे उशिराचे खेळ अडचणीत आले. शेवटचा घाव खुद्द सिनेमाच्या धंद्याने घातला. २०१३च्या सुमारास कंपन्यांनी फिल्मच्या प्रिंट काढणेच जवळजवळ बंद केले. डिजिटल प्रोजेक्टरचे पैसे तंबूवाल्याच्या आवाक्यात नव्हते. प्रेक्षक कनातीबाहेर उभा होता, पण आत दाखवायला रीळ नव्हते. पक्क्या थिएटरांचे दुखणे निराळे. बाजारपेठेतली जागा सोन्याच्या भावाची झाली आणि मोडक्या खुर्च्यांचे थिएटर चालवण्यापेक्षा तिथे गाळे काढणे मालकाला परवडू लागले.

आता दुसरी अट : कारण असेल तिथे कार्य दर वेळी दिसले पाहिजे. घरात फुकट करमणूक आली की थिएटर ओस पडते, असा नियम असेल तर व्हिडिओच्या ऐन भरात, १९९१मध्ये, 'माहेरची साडी'ने गर्दीचे उच्चांक केले नसते. त्या वेळी दुपारच्या खेळाला बाया गावेच्या गावे मिळून येत. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ला लागला. त्यातली आर्ची झालेली रिंकू राजगुरू आमच्याच माळशिरस तालुक्यातली, अकलूजची. दिग्दर्शक नागराज मंजुळे जवळच्या करमाळ्यातले. चोरट्या प्रती लवकरच मोबाइलमधून फिरू लागल्या, तरी साताऱ्याकडे रहिमतपूरला मध्यरात्री आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. एकाच मे महिन्यात कानमध्ये तंबूच्या अखेरीचा माहितीपट चालू होता आणि इकडे रांगा संपत नव्हत्या. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि 'मोबाइलनं खाल्लं' म्हणणाऱ्याला त्या एकत्र मांडता येत नाहीत.

हे आपल्याकडचेच आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये १९४६ साली सिनेमाची १६३ कोटींवर तिकिटे खपली होती. १९८४ साली तो आकडा साडेपाच कोटींच्या आत आला. तेव्हा इंटरनेटचा पत्ताही नव्हता. दोष टीव्हीला दिला गेला. पण १९८५पासून तिथे नवी, नीटनेटकी, अनेक पडद्यांची थिएटरे उभी राहू लागली आणि २००२पर्यंत तिकिटे १७ कोटींच्या पुढे गेली. टीव्ही कुणी घरातून काढून टाकला नव्हता. फरक पडला तो बसायच्या जागेत.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मात्र मान्य करतो. जेमतेम बऱ्या चित्रपटाला आता लोक थांबत नाहीत. "दोन महिन्यांत मोबाइलवर येईलच" हा हिशेब घराघरांत होतो, आणि लहान निर्मात्याचे त्यात खरेच नुकसान होते. भर दुपारी कामे उरकून एकटीने, कुणाला न विचारता हवे ते बघायची मोकळीक बाईला मोबाइलनेच दिली, हेही मला मोलाचे वाटते.

पण त्याच बायांचे पाहा. जून २०२३च्या अखेरीस 'बाईपण भारी देवा' लागला. मालिका, मोबाइल, सगळे हाताशी असलेल्या बायकांनी नऊवारी नेसून, गॉगल लावून, घोळक्याने थिएटरे भरली. आमच्या घरातल्या पाच जणी गाडी ठरवून गेल्या होत्या. परत आल्यावर तासभर बोलत होत्या, त्यात पिक्चरची गोष्ट निम्मीच. बाकी सगळे मागच्या रांगेतली कोण कशी रडली, कोण उभी राहून नाचली याचे. ती मागची रांग मोबाइलमध्ये येत नाही.

म्हणून मॉलवाला उपाय मला उलटा वाटतो. खुर्ची जितकी गुबगुबीत आणि तिकीट जितके महाग, तितकी ही मागची रांग कमी. नातेपुत्याहून चार जणांनी बारामती गाठायची तर तिकिटाआधी गाडी आणि खाणेच खिसा रिकामा करते. ते कुटुंब घरी बसले की जाणकार लिहितात, प्रेक्षक बदलला. प्रेक्षक आहे तिथेच आहे, पडदा दूर गेला.

तो जवळ आणणे अशक्यही नाही. ऑगस्ट २०२१मध्ये लेहमध्ये, साडेअकरा हजार फुटांवर, हवा भरून उभे करायचे फिरते डिजिटल थिएटर लागले. आमच्या तंबूचाच तो नवा अवतार. सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला असते तेव्हा लाखभर माणसांची सोय गाव एका रात्रीत करते. दीडशे खुर्च्यांचा हॉल, ऐंशी रुपये तिकीट आणि शुक्रवारचा ताजा पिक्चर, एवढे तरी गावाला एकदा मिळू द्या. त्यानंतरही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर मोबाइलला दोष देणाऱ्यांचे म्हणणे मी मान्य करीन.