निर्वासित संगीतकार वॉल्टर कॉफमन : मुंबईतील आश्रय आणि परदेशातील पुनर्वसन

प्रस्तावना :
रेडिओ हेच प्रमुख माध्यम असण्याच्या काळात परभणी जिल्ह्यातील असंख्य घरांची पहाट आकाशवाणीच्या संकेतधुनेने होत असे. शिवरंजनी रागाची छाया असलेली, तानपुरा व व्हायोलिनची ही धून सामान्यतः वॉल्टर कॉफमन यांच्या नावाने ओळखली जाते. मात्र हे संगीतकार ज्यू निर्वासित होते, याची जाणीव फारच थोड्या श्रोत्यांना होती. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनप्रवासाचा निर्वासनाच्या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
कॉफमन यांचा जन्म १९०७ मध्ये बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. बर्लिन व प्राग येथे त्यांनी संगीताचे उच्च शिक्षण घेतले. आपले मार्गदर्शक नाझी युवक चळवळीशी संबंधित आहेत, हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेट स्वीकारण्यास नकार दिला, असे सांगितले जाते. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि १९३४ मध्ये कॉफमन मुंबईत दाखल झाले.

मुंबईतील वास्तव्य :
मुंबईत त्यांनी 'बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी' स्थापन केली. तिच्या मैफलींत ते स्वतः पियानो, तर मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत. १९३७ ते १९४६ या काळात ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचे काम पाहत होते. प्रारंभी भारतीय संगीत त्यांना पूर्णतः परके वाटले. परंतु कोट्यवधी लोकांना प्रिय असणारे संगीत आपणास कळत नसेल तर उणीव आपलीच आहे, अशी त्यांची भूमिका होती.

हा आश्रय सर्वांना सारखाच लाभला असे नाही. १९३४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ज्यू साहाय्य संस्थेने निर्वासितांना मोठा आधार दिला. तथापि १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना 'शत्रुदेशीय' ठरविले आणि हिटलरपासून पळून आलेल्या अनेक ज्यूंनाही अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील छावणीत स्थानबद्ध केले. म्हणजेच ज्या राजवटीने त्यांना देशोधडीला लावले, तिच्याच नावाने ते येथे ओळखले गेले.

परतीचा मार्ग :
१९३८ च्या म्युनिक करारानंतर कार्ल्सबाड जर्मनीत गेले. मार्च १९३९ मध्ये प्रागही नाझींच्या ताब्यात आले. कॉफमन यांच्या पत्नी गेर्टी या लेखक फ्रान्झ काफ्का यांच्या भाची होत्या. काफ्का यांच्या तिन्ही बहिणी नाझी वंशसंहारात बळी पडल्या. त्यांपैकी एली या गेर्टी यांच्या मातोश्री. युद्ध संपले तेव्हा परत जावे असे घरच उरले नव्हते. १९४६ मध्ये मुंबई सोडून कॉफमन इंग्लंडला व पुढे कॅनडातील हॅलिफॅक्सला गेले. १९४८ पासून सुमारे नऊ वर्षे ते विनिपेग सिंफनी ऑर्केस्ट्राचे संचालक होते. १९५७ मध्ये ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापक झाले. उत्तर व दक्षिण भारतीय रागांवरील त्यांचे ग्रंथ अनुक्रमे १९६८ व १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

समारोप :
मराठवाड्याला निर्वासन अपरिचित नाही. रझाकारांच्या काळात अनेक कुटुंबांनी निजाम राज्याची सीमा ओलांडून शेजारच्या वऱ्हाडात आश्रय घेतला होता. सप्टेंबर १९४८ नंतर त्यांना आपल्या गावी परतण्याचा मार्ग मोकळा झाला. कॉफमन यांना तो कधीच मोकळा झाला नाही. त्यामुळे त्यांच्या परदेशातील स्थैर्याकडे केवळ यशोगाथा म्हणून पाहणे अपुरे ठरते. त्या यशामागे गमावलेले गाव आणि मारली गेलेली माणसे आहेत. बारा वर्षांच्या आश्रयात त्यांनी या भूमीचे संगीत आत्मसात केले व ते आयुष्यभर सोबत नेले. आपण त्यांची धून जपली, परंतु नाव विसरलो. संगीताच्या इतिहासात त्यांची नोंद होतेच. आश्रय देणाऱ्या महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातही ती व्हावयास हवी.