म्यू नंबर दोन

गेल्या दिवाळीत लेकीचा मुलगा चार दिवस राहायला आला होता. आता तो नोकरी करतो, दाढी ठेवतो आणि चहा बिनसाखरेचा पितो. पण फराळ झाल्यावर लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, "आजोबा, हा सिनेमा तुम्ही माझ्याबरोबर अर्धा बघितला होता. उरलेला बघायचा का?"

अर्धा बघितला होता हे खरं. तो सात-आठ वर्षांचा असताना त्याने कुठूनशी पोकेमॉनची व्हीसीडी आणली होती. मी थोडा वेळ शेजारी बसलो, "कसली ही भुतं!" म्हणून टीव्ही बंद केला आणि त्याला पाढे म्हणायला बसवलं. हे तो विसरला असेल असं मला वाटत होतं. मुलं असलं काही विसरत नाहीत.

या वेळी मी तो पूर्ण पाहिला. एकदा जपानी भाषेत (खाली इंग्रजी अक्षरं होती) आणि एकदा अमेरिकन इंग्रजीत. मग महिनाभर महाजालावर वाचत बसलो. ही म्हणाली, "परीक्षा आहे का?" तर मंडळी, जे हाती लागलं ते इथे मांडतो. तरुण वाचकांना यातलं बरंचसं पाठ असेल. माझ्या वयाच्यांनी मात्र नाव ऐकूनच नाक मुरडू नये, एवढी विनंती.

सुरुवात किड्यांपासून आहे. सातोशी ताजिरी नावाचा मुलगा, जन्म १९६५, टोकियोच्या कडेला माचिदा इथे वाढला. तेव्हा तिथे भातखाचरं होती, झाडी होती, तळी होती. पोरगा दिवसभर किडे पकडायचा. पुढे शहर पसरत गेलं, खाचरांवर रस्ते आणि इमारती आल्या आणि किडे गेले. हा मुलगा मोठा होऊन व्हिडिओ गेमच्या नादी लागला. १९८३ पासून 'गेम फ्रीक' नावाचं हाताने लिहिलेलं, स्टेपल मारलेलं मासिक काढायचा. त्यात चित्रं काढणारा केन सुगिमोरी त्याला तिथेच भेटला आणि पुढे त्याच नावाची कंपनी निघाली. निन्टेन्डोचा 'गेम बॉय' हा हातात मावणारा खेळ १९८९ मध्ये आला. दोन गेम बॉय वायरने जोडता येतात हे पाहून ताजिरीच्या मनात आलं, की या वायरीतून किडे इकडून तिकडे जाऊ शकतील. शहरातल्या पोरांना किडे पकडायला मिळत नाहीत, तर निदान असे तरी पकडू देत. सहा वर्षं काम चाललं आणि २७ फेब्रुवारी १९९६ रोजी खेळ बाजारात आला. पॉकेट मॉन्स्टर, म्हणजे पोकेमॉन. मी ज्यांना भुतं म्हटलं, ते एका मुलाचे हरवलेले किडे होते.

खेळात १५० प्राणी होते. एकशे एक्कावन्नावा चोरून घातलेला. शिगेकी मोरिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरने, चुका शोधायची साधनं काढून टाकल्यावर मोकळ्या झालेल्या सुमारे ३०० बाइट जागेत, गंमत म्हणून 'म्यू' नावाचा प्राणी बसवला. (३०० बाइट म्हणजे या लेखातलं एखादं बरंसं वाक्य.) तो मिळवायचा मार्ग खेळात नव्हता, पण मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली. शेवटी 'कोरोकोरो' या मासिकाने स्पर्धा लावली. वीस जणांना म्यू मिळणार होता, अर्ज आले ७८ हजारांवर. या म्यूपासून माणसांनी बनवलेला जो प्राणी खेळात होता, त्याचं नाव म्यूटू. म्यू नंबर दोन.

१ एप्रिल १९९७ पासून टीव्ही टोकियोवर कार्टून मालिका सुरू झाली. तिच्या नायकाचं जपानी नाव सातोशी, म्हणजे ताजिरीचंच. आपण त्याला ॲश म्हणून ओळखतो. मालिका जोरात चालली असताना १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी, अडतिसाव्या भागात, पडद्यावर लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा लखलखला. जपानभर मुलांना झटके आले, कुणाला उलट्या झाल्या, कुणाची शुद्ध हरपली. ६८५ जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. बहुतेक मुलं लवकर बरी झाली, पण मालिका थांबली ती थेट १६ एप्रिल १९९८ पर्यंत. जपानी कार्टूनच्या सुरुवातीला 'खोलीत दिवा लावा, टीव्हीपासून लांब बसा' अशी सूचना दिसते, ती या प्रसंगानंतरची. मालिका बंद असताना पहिल्या सिनेमाचं काम मात्र चालूच होतं. १८ जुलै १९९८ रोजी तो जपानमध्ये लागला. दिग्दर्शक कुनिहिको युयामा, लेखक ताकेशी शुदो. जपानी नावाचा अर्थ साधारण 'म्यूटूचा प्रतिहल्ला'.

काळ आठवा. डॉली मेंढी स्कॉटलंडमध्ये जुलै १९९६ मध्ये जन्मली आणि फेब्रुवारी १९९७ मध्ये जगाला कळली. २७७ प्रयत्नांतून एक कोकरू. आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा आठवडाभर तोच विषय होता. विज्ञानाचे सर फळ्यावर पेशी काढून समजावायचे आणि आम्ही भाषेवाले विचारायचो, "पण मग ती खरी मेंढी का?" सर चिडायचे. सिनेमा नेमका तोच प्रश्न विचारतो, फक्त मेंढीच्या बाजूने.

गोष्ट थोडक्यात अशी. म्यूच्या पापणीच्या एका केसाचा जीवाश्म सापडतो, त्यावरून शास्त्रज्ञ म्यूटू घडवतात. तो काचेच्या नळकांड्यात जागा होतो आणि मी कोण, कुणाचा, असं विचारतो. शास्त्रज्ञ आनंदाने एकमेकांचं अभिनंदन करत असतात. प्रयोग यशस्वी झालेला असतो ना! त्याला उत्तर कुणीच देत नाही. तो प्रयोगशाळा उद्ध्वस्त करतो. मग एका टोळीचा म्होरक्या त्याला चिलखत घालून स्वतःसाठी लढायला लावतो. तिथूनही निसटून तो एका बेटावर किल्ला बांधतो, नामांकित पोकेमॉनपटूंना आमंत्रण धाडतो आणि त्यांच्या प्राण्यांच्या नकला तयार करतो. नकला अस्सलांपेक्षा सरस आहेत हे त्याला सिद्ध करायचं असतं.

याला आणखी एक सुरुवात आहे आणि मला सर्वांत भिडली ती हीच. शास्त्रज्ञाची लहान मुलगी वारलेली असते, नाव आई. जपानीत 'आई' म्हणजे प्रेम. (आपल्याला वेगळं सांगायला नको.) तिचीही नक्कल करण्याचा त्याचा प्रयत्न चाललेला असतो. तिची ती अर्धवट सावली, आणखी तीन प्राण्यांच्या नकला आणि बाळ म्यूटू, सगळे आपापल्या नळकांड्यांत, पण मनाने एकमेकांशी बोलतात. ती त्याला सूर्य, वारा, चंद्र दाखवते. मग एकेक नक्कल विरघळत जाते आणि शेवटी तीही. प्राणी दुखलं-खुपलं तरच रडतात, दुःखाने रडतो तो माणूसच, असं बापाकडून ऐकलेलं ती त्याला सांगून जाते. म्यूटू रडतो, तेव्हा शास्त्रज्ञ त्याला औषध देऊन सगळं विसरायला लावतात. हा भाग जपानी चित्रपटगृहात नव्हता. तो १९९९ मध्ये तिथल्या टीव्हीवर दाखवलेल्या पूर्ण आवृत्तीत आला. अमेरिकन प्रेक्षकांनाही तो थिएटरात मिळाला नाही, २००१ मध्ये डीव्हीडीवर वेगळा मिळाला. मी टीव्ही बंद केला होता तो याच्या कितीतरी पुढे, मारामारीला तोंड फुटताना.

ती मारामारी आता नीट पाहिली. अस्सल विरुद्ध नक्कल, जोड्या-जोड्यांनी. जादूच्या शक्ती काढून घेतलेल्या, त्यामुळे नुसती धक्काबुक्की, ओरबाडणं. दोन्हीकडचे दमून कोसळतात, जिंकत कुणीच नाही. पिकाचू तेवढा हात उचलत नाही. त्याची नक्कल त्याच्या थोबाडीत मारत राहते, मारता मारता रडू लागते. बाजूला एक मांजर आणि त्याची नक्कल मात्र लढतच नाहीत, बसून चंद्राकडे बघतात. मुलगा मध्ये पडतो, दगड होतो, आणि सगळे प्राणी, अस्सल आणि नक्कल, रडतात. दुःखाने रडतो तो माणूसच, हे आधी ऐकलेलं असेल तरच या रडण्याचं वजन कळतं.

आता अमेरिकेची गंमत. १० नोव्हेंबर १९९९, बुधवार, रोजी तो तिथे लागला. पहिल्याच दिवशी एक कोटी डॉलरच्या वर धंदा. मुलांनी शाळेला इतक्या दांड्या मारल्या, की वर्तमानपत्रांनी त्या आजाराला 'पोकेफ्लू' नाव दिलं. शाळांनी पोकेमॉनच्या पत्त्यांवर बंदी घातली, 'टाइम'ने मुखपृष्ठावर पालकांना सावध केलं. अमेरिकन कंपनीने भाषांतर करताना संगीत बदललं, मारामारीवर गाणं घातलं आणि म्यूटूला जग बुडवायला निघालेला खलनायक केलं. जपानीत म्यू म्हणतो, की अस्सल ते अस्सलच, शक्ती बाजूला ठेवून अंगाने लढलं तर अस्सल नकलेला हार जाणार नाही. म्हणजे म्यूही निष्पाप देवदूत नाही, त्यालाही अस्सलपणाचा ताठा आहे. इंग्रजीत त्याच जागी ताकद मनाची असते, असा सुविचार आला आणि सिनेमाचा बोध 'मारामारी वाईट' असा झाला. ज्या खेळात मारामारीवाचून पान हलत नाही, त्याचा हा बोध! शिवाय तीन प्राण्यांची नावं चुकीची उच्चारली, ती तशीच राहिली. माझ्याकडे वही आली असती तर लाल शाई संपली असती.

पण एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकायला हवी. शेवटी म्यूटू म्हणतो, की जन्म कसा झाला याला महत्त्व नाही, मिळालेल्या आयुष्याचं काय करता त्याला आहे. हे वाक्य जगभरच्या मुलांना पाठ आहे, माझ्या नातवालाही. ते जपानी सिनेमात नाही! तिथे म्यूटू एवढंच म्हणतो, की आम्ही जन्मलो, जगतो आहोत, जगत राहू. वेणीसंहारातला कर्ण जवळजवळ तेच इंग्रजी वाक्य बोलतो, म्हणून मला ते लगेच पटलं. तरीही दोन्ही ऐकल्यावर मला जपानी जास्त खरं वाटतं. कर्णाला आणि इंग्रजी म्यूटूला काहीतरी करून दाखवायचं आहे. जपानी म्यूटूला ते ओझं राहिलेलं नाही. नातवाशी यावर रात्री एक वाजेपर्यंत वाद झाला. तो अजून त्याच्या वाक्याला धरून आहे.

लेखक शुदो १९४९ सालचा, म्हणजे माझ्याच पिढीचा. निवृत्तीनंतर मी हे पान सुरू केलं, तसा तोही उतारवयात महाजालावर सदर लिहायचा आणि त्यात त्याने या सिनेमाबद्दल सविस्तर लिहिलं आहे. आपण असणं म्हणजे काय, हाच त्याचा विषय होता. ऑक्टोबर २०१० मध्ये तो वारला. २०१९ मध्ये हाच सिनेमा संगणकावर पुन्हा घडवला, जवळजवळ दृश्याला दृश्य लावून. नकलेच्या सिनेमाची नक्कल. नातू म्हणतो, जुनाच बरा.

असो. हे सगळं कशासाठी लिहिलं ते सांगायचं राहिलं.

माझ्या वर्गात दोन भाऊ चार वर्षांच्या अंतराने आले. थोरला हुशार, वक्तृत्वात ढाल आणणारा, सगळ्या शिक्षकांचा लाडका. धाकटा दिसायला हुबेहूब तसाच, पण गप्प. मी त्याला पहिल्या दिवसापासून 'नंबर दोन' म्हणायचो. प्रेमाने हो! वर्ग हसायचा, तोही हसायचा. "नंबर दोन, उठा. दादा असता तर धडाधड सांगितलं असतं." दोन वर्षं हे चाललं. दहावीच्या निरोप समारंभानंतर तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, माझं नाव तुम्हाला माहीत आहे का?" मला तो विनोद वाटला. मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "जा, पेढे आण निकालाचे." नाव मी सांगितलं नाही. त्या क्षणी मला ते आठवलंही नसतं, असं आज वाटतं.

दिवाळीत नातू झोपल्यावर मी माळ्यावरून जुन्या डायऱ्या काढल्या. १९९१ च्या डायरीत वर्गाची यादी सापडली. आडनाव, मग त्याचं नाव, मग वडिलांचं. चांगलं नाव आहे. त्याला न विचारता इथे लिहीत नाही. त्याच्या वर्गातल्या एकाकडून फोन नंबर मिळाला आहे, नाशिकला असतो म्हणे. रविवारी सकाळी दहाच्या पुढे लावीन. त्याआधी लोकांना सुट्टीचं उठवू नये.