हिवाळा सरताना: चांद्याच्या जंगलातील शिकारीच्या मोसमाची तयारी

१/१८
हिवाळा ओसरू लागला की स्कॉटलंडमधील गोल्फची मैदाने पुन्हा गजबजू लागतात. इंग्रजांनी हा खेळ हिंदुस्थानातही आणला. कलकत्त्यात १८२९ साली गोल्फ क्लब स्थापन झाला, मुंबईत १८४२ साली. मात्र इथले ऋतुमान उलटे होते. मैदानी प्रदेशात गोल्फ रंगे तो हिवाळ्यात. उन्हे तापू लागली की तो मंदावे. चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोलीत, नेमका तेव्हा साहेबांचा दुसरा मोसम उघडे: वाघाच्या शिकारीचा. त्या मोसमाची तयारी कशी होई आणि ती कोण करी, याची ही हकीकत. #इतिहास #थ्रेड

२/१८
आधी प्रदेश समजून घेऊ. १८५४ साली नागपूरचे भोसले संस्थान खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेला. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. चांदा हा त्यातील दक्षिणेकडचा विस्तीर्ण, अरण्यमय जिल्हा. पश्चिमेला वर्धा नदी, मधून वाहणारी वैनगंगा आणि पूर्वेकडे अहेरीसारख्या गोंड जमीनदाऱ्या. साग, ऐन, बांबू, मोह आणि तेंदू यांनी भरलेल्या या रानाचा पूर्वभाग २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा म्हणून वेगळा झाला.

३/१८
शिकारीला उन्हाळाच का? पावसाळ्यानंतर रानात गवत पुरुषभर वाढलेले असते. नाले, तळी, बोड्या सर्वत्र पाणी असते, त्यामुळे जनावर कुठेही असू शकते. त्यातच पावसाळ्यामागून येणाऱ्या हिवतापाची परक्या माणसाला मोठी धास्ती असे. फाल्गुन-चैत्रात चित्र पालटते. सागाची पाने गळतात, गवत वाळते, नाले आटतात आणि पाणी मोजक्या डोहांत व झऱ्यांत उरते. वाघाला पाणीही हवे आणि सावलीही. ज्याला पाणवठे ठाऊक, त्याला वाघाचा पत्ता ठाऊक.

४/१८
हे गणित इंग्रजांनी फार लवकर ग्रंथबद्ध केले. मध्य प्रांतात काम केलेला कॅप्टन जेम्स फोर्सिथ याचे ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ साली प्रसिद्ध झाले. याच प्रांतातील वनाधिकारी डनबार ब्रँडर याने १९२३ साली मध्य भारतातील वन्य प्राण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या लेखकांचे निरीक्षण सूक्ष्म होते, यात शंका नाही. पण त्या निरीक्षणाच्या मुळाशी गोंड वाटाड्यांचे आणि माग काढणाऱ्यांचे जे ज्ञान होते, ते शिकारवाङ्मयात बहुधा निनावीच राहिले.

५/१८
तयारीची पहिली पायरी कागदावरची होती. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील शिकार सरकारी नियमांच्या कक्षेत आणली. पुढे जंगलाचे शिकारगट पाडले गेले. इच्छुकाने अर्ज करायचा, परवाना मिळवायचा आणि ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या गटात, घालून दिलेल्या मर्यादेत शिकार करायची. म्हणून रानात पानगळ सुरू होण्याआधीच रजा आणि परवाना यांची पत्रापत्री उरकावी लागे. रजा मिळून गट हुकला, किंवा गट मिळून रजा हुकली, तर वर्ष वाया जाई.

६/१८
दुसरी पायरी शस्त्राची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नळीच्या तोंडातून ठासायच्या बंदुका मागे पडल्या आणि मागून काडतूस भरायच्या दुनळी रायफली आल्या. शतकाच्या अखेरीस धूर न करणारी दारू आली. काळ्या दारूचा धूर डोळ्यांपुढे दाटला की जखमी वाघ कोणत्या दिशेने येतो हे दिसत नसे. नव्या दारूने ती अडचण दूर केली. मोसमापूर्वी नळ्या तेलाने पुसणे, निशाण लावून पाहणे, काडतुसे उष्णतेपासून जपणे हा साहेबाच्या व्हरांड्यातील नित्यक्रम असे.

७/१८
तिसरी पायरी प्रवासाची. १८७० च्या दशकात कोळशासाठी वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली आणि जिल्ह्याचे दार उघडले. पण पुढचे रान बैलगाडीचेच होते. तंबू, खाटा, पाण्याचे पिंप, क्विनाइन, धान्य, कंदील आणि स्वयंपाक्याचा सारा संसार गाड्यांवर लादला जाई. चांद्याचा उन्हाळा आजही साऱ्या देशात बदनाम आहे, आणि तेव्हा तो कापडी तंबूत काढायचा होता. म्हणून मुक्काम सावलीत आणि पाण्याजवळ हवा. मात्र जनावरे जिथे येतात त्या पाण्यापासून अंतर राखून.

८/१८
इथवरची तयारी साहेबाची. खरी तयारी रानात चालू असे आणि ती गावकऱ्यांची असे. साहेब येण्याआधी स्थानिक शिकारी नाले पालथे घालत. वाळूतला पंजा कालचा की आजचा, नर की मादी, सोबत बच्चे आहेत की नाहीत, हे ते ठशावरून सांगत. माकडाचा खोकल्यासारखा आवाज, चितळाची हाक आणि गिधाडांच्या घिरट्या यांचा अर्थ लावत. कोणता डोह मेअखेर टिकेल आणि कोणता एप्रिलमध्येच आटेल, हे सांगणारा नकाशा कोणत्याही कचेरीत नव्हता. तो या माणसांच्या स्मरणात होता.

९/१८
मग आमिष. माग लागलेल्या नाल्यांजवळ रेडकू बांधले जाई. वाघाने रात्री ते मारले की सकाळी बातमी तळावर पोहोचे. पोटभर खाल्लेला वाघ दुपारच्या उन्हात जवळच्याच गर्द सावलीत पडून राहणार, हे ठरलेले. रोज पहाटे ही रेडके पाहून येणे हे सर्वांत जोखमीचे काम होते. शिकार झालेल्या जागी वाघ अजून बसलेला आहे की नाही, याचा अंदाज घेत एक-दोन माणसे हातात कुऱ्हाड घेऊन तिकडे जात. साहेब त्या वेळी तळावर बातमीची वाट पाहत असे.

१०/१८
त्यानंतर मचाण. वाघ ज्या वाटेने निघेल तिथे झाडावर खाट बांधायची, पाल्याने झाकायची, आणि हे सारे आवाज न करता करायचे. त्यातले एक काम वरकरणी क्षुल्लक वाटेल. सागाचे वाळलेले पान पायाखाली पापडासारखे मोडते आणि तो आवाज दूरवर जातो. म्हणून मचाणाकडे जाणारी पायवाट आधी झाडून पानांपासून मोकळी करत. साहेबाचे पाऊल वाजू नये म्हणून जंगल झाडले जाई.

११/१८
आणि शेवटी हाका. आसपासच्या गावांतून पाटील, मालगुजार किंवा कोतवाल यांच्यामार्फत माणसे गोळा केली जात. अर्धवर्तुळात उभे राहून ढोल, पत्रे आणि आरोळ्यांच्या गजरात ती वाघाला मचाणाकडे रेटत. दोन्ही बगलांना झाडांवर माणसे बसवलेली असत. वाघ वाट सोडू लागला की ती नुसती खोकत किंवा फांदीवर टिचकी मारत, आणि वाघ वळे. गोळी वर्मी लागली तर सर्व ठीक. नाही लागली तर जखमी वाघ आणि निःशस्त्र हाकारे एकाच झुडपात असत. या जोखमीचा मोबदला काही आण्यांत मोजला जाई.

१२/१८
ही माणसे नकार देऊ शकत होती का? मध्य प्रांतात वनखात्याने राखीव जंगलांत वनग्रामे वसवली होती. तिथल्या कुटुंबांना राहण्याची आणि कसण्याची मुभा मिळे ती खात्याच्या कामाला मजूर म्हणून हजर राहण्याच्या अटीवर. जमिनीवर कायमचा हक्क नसे. ज्याचे घर, शेत आणि सरपण वनाधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याला त्याच अधिकाऱ्याच्या पाहुण्याने हाक्याला बोलावले, तर मजुरी आणि वेठ यांतील रेषा फारच पुसट होते.

१३/१८
याच दिवसांत गावाचाही मोसम असे. मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकतो. ते फूल वाळवून वर्षभर पुरवायचे: भूक, बाजार आणि सण तिन्हींसाठी. त्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा आधी साफ करायचा किंवा जाळायचा. विसाव्या शतकात विडीचा धंदा वाढला तशी मे महिन्यातील तेंदूपानांची तोडणीही आली. तिची तयारी हिवाळा संपताच झुडपांच्या छाटणीने होते. मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत होळी ते पेरणी हा सामूहिक पारधीचाही काळ. पारध हे अन्न होते आणि विधीही होता.

१४/१८
म्हणजे एकाच रानात, एकाच ऋतूत दोन तयाऱ्या समोरासमोर आल्या. ज्या कायद्याने साहेबाला परवान्याची वाट करून दिली, त्यानेच राखीव जंगलात फासे लावणे, मासे धरण्यासाठी पाण्यात विष कालवणे आणि आग लावणे यांना अपराध ठरवले. त्याच वर्षीच्या, म्हणजे १८७८ च्या, शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या बंदुकीवर परवान्याचे बंधन घातले. वणव्याने सागाचे नुकसान होते, हे वनखात्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण परिणाम असा झाला की साहेबाच्या मोसमाला ‘खेळ’ हे नाव मिळाले आणि गावाच्या मोसमाला ‘गुन्हा’.

१५/१८
काही दशकांत या खेळाची किंमत दिसू लागली. एकीकडे हौस, दुसरीकडे हिंस्र प्राणी मारण्यासाठी सरकारनेच दिलेली बक्षिसे. नियम हळूहळू कडक झाले. १९३५ साली ताडोबा परिसरात शिकारीला बंदी झाली. १९५५ साली तिथे ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता; विदर्भ मुंबई राज्यात आला तो पुढल्या वर्षी. ताडोबा हे नाव मात्र या सर्वांहून जुने. वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावप्रमुख तारू याचे ठाणे तिथल्या तळ्याकाठी आहे आणि त्याची जत्रा पौषात, ऐन थंडीत भरत आली आहे.

१६/१८
उद्यानाबाहेर मात्र मोसम चालूच राहिला. साहेब गेले, त्यांच्या जागी नवे हौशी, परदेशी पाहुणे आणि शिकारसहली घडवणारे व्यावसायिक आले. १९७० साली देशभर वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प १९९५ चा. पुढे त्याच्या गाभ्यातील बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारख्या गावांचे पुनर्वसन झाले. वाघाला जागा करून देण्याची पाळी पुन्हा याच गावांवर आली.

१७/१८
हिवाळा सरताना या रानात आजही लगबग असते. वणवा रोखण्यासाठी जाळरेषा साफ होतात, कृत्रिम पाणवठे भरले जातात, सफारीच्या जिप्सी सज्ज होतात. पर्यटकांची वाघ दिसण्याची आशा एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक असते. कारण तेच, जे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी होते: गळलेली पाने आणि आटलेले पाणी. मचाणही टिकून आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री निसर्गप्रेमी पाणवठ्यावरील मचाणात बसतात आणि चांदण्यात आलेली जनावरे मोजतात. खाटेवरची रायफल गेली, वही आली. या परिवर्तनाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

१८/१८
तरीही जुना हिशेब पुरता मिटलेला नाही. वाघांची संख्या वाढली, आणि मोह व तेंदूचा मोसम पूर्वीच्याच जागी, त्याच महिन्यांत आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. पहाटे मोहर्लीच्या दारापाशी गाड्यांची रांग लागते, हाती परवाना, सोबत वाटाड्या. त्याच वेळी काही कोसांवर बायका टोपल्या घेऊन रानात शिरतात. वाघाला पाहण्याची तयारी आज फार काटेकोर झाली आहे. वाघापासून या बायकांना वाचवण्याची तयारी तितकीच काटेकोर होईल, तेव्हाच चांद्याच्या रानातील तो जुना मोसम खऱ्या अर्थाने संपला असे म्हणता येईल.