नारायणगावच्या राहुट्या

आमच्या भोसरीच्या यात्रेचा तमाशा ठरवायला पूर्वी वडील नारायणगावला जायचे, आता कमिटीबरोबर मी जातो. पाडव्याच्या आगेमागे तिथं फडमालकांच्या राहुट्या लागलेल्या असतात. पुढं फडाच्या नावाचा भडक रंगातला बोर्ड, आत मॅनेजर आणि त्याची वही. मोशी-चाकणपासून पार नगर-नाशिककडचे गावकारभारी एकेक राहुटी फिरतात, भाव काढतात आणि सुपारी देऊन, म्हणजे खेळ ठरवून, परततात. कलावंतानं आपलं नाव आपणच चार गावांत कसं न्यावं, याची इतकी जुनी आणि इतकी उघड पद्धत मी दुसरीकडं पाहिलेली नाही.

वही तिथीवर चालते. चैत्र पौर्णिमेला कितीतरी गावांची यात्रा एकदमच येते, त्यामुळं त्या रात्रीचा भाव चढा. तोच फड चार दिवसांनी बराच स्वस्तात मिळतो. मग घासाघीस सुरू होते. यंदा वग कोणता? ढोलकीला कोण? सोंगाड्या जुनाच आहे ना? दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी, म्हणजे दिवसाचा खेळ, याच पैशात धरायची का? जमलं की इसार द्यायचा, कागदावर दोन्हीकडच्या सह्या घ्यायच्या आणि वहीत त्या तिथीपुढं गावाचं नाव पडतं. फडमालकाचं सगळं वर्ष या दिवसांवर उभं असतं. दसऱ्याला कलावंतांना उचल द्यायला काढलेलं कर्ज चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्यांतूनच फिटतं. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. त्या सगळ्यांची चूल त्या वहीवर पेटते.

बोर्डावरच्या नावांतच इतिहास आहे. फडमालकाच्या नावाला गाव जोडलेलं असतं, म्हणजे ऐकणाऱ्याला कुठं शोधायचं ते कळतं. नारायणगावचं नाव भाऊ-बापू मांग यांनी गाजवलं आणि भाऊंची लेक विठाबाई हिनं ते महाराष्ट्रभर नेलं. विठाबाई 2002 साली गेल्या. 2006 पासून सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव देतं. पहिला मान कांताबाई सातारकरांचा होता. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’ या वगातला सावळ्या कुंभार करत आणि त्यांच्यामुळं एवढंसं इंदुरी सगळीकडं माहीत झालं.

मला सगळ्यांत मोठी वाटते ती कांताबाईंची हिंमत. 1964 मध्ये त्यांचे पती, फडमालक तुकाराम खेडकर वारले. पदरात लेकरं, आणि हातचा फडही राहिला नाही. दुसऱ्याच्या फडात कायमची नोकरी धरून दिवस काढता आले असते. त्यांनी पुढं स्वतःचा फड उभा केला आणि बोर्डावर स्वतःचं नाव लावलं. वगात त्या शिवाजी महाराज उभे करायच्या. बाईच्या नावावर सुपारी द्यायला गावकारभारी तयार झाले, ते तिच्या कामाच्या खात्रीवर. मुलगा रघुवीर खेडकर यांनी तोच फड पुढं चालवला.

आमच्या पट्ट्यात कारखाने आले तसा बघणारा बदलला. 1954 ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, साठच्या दशकात एमआयडीसी, पुढं चाकण. सातारा-सांगलीचा, मराठवाड्याचा कामगार शेजारी राहायला आला आणि त्याला तमाशा नवा नव्हता. आमच्याकडं कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. तिथी काही गुरुवार बघून येत नाही. म्हणून पोरं पाळी बदलून घेतात. रात्री जमलं नाही तर तिसरी पाळी सुटल्यावर डबा हातात घेऊनच हजेरीला येऊन बसतात. जमिनीचे पैसे आल्यावर ऑर्केस्ट्रा आला, डीजे आला. कमिटीत दरवर्षी यावरून वाद होतो. मी तमाशाच्या बाजूनं बोलतो आणि बोलत राहणार. ढोलकी-हलगीची जुगलबंदी आणि रात्रभर चालणारा वग एका स्पीकरच्या भिंतीसमोर हलका धरणं मला पटत नाही.

2020 ला पाडवा होता 25 मार्चला, त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. सुपाऱ्या ठरायच्या दिवसांतच सगळं बंद. पुढच्या वर्षीही यात्रा भरल्या नाहीत. उचल देऊन बसलेल्या मालकांचं कर्ज वाढत गेलं, कलावंत मजुरीला गेले. 2022 ला राहुट्या पुन्हा लागल्या.

आता फडांची गाणी यूट्यूबवर असतात, मोबाइल नंबर पोस्टरवर असतो, फोनवरूनही सुपारी ठरते. तरी आमची कमिटी नारायणगावला जाते. मालकाशी समोरासमोर बोलणं होतं, एका भावाशी दुसरा ताडून बघता येतो आणि नव्या फडाचा बोर्डही नजरेखालून जातो. नव्या फडमालकाला तर तीच जागा आहे, जिथं मोठ्या नावांच्या शेजारी बसून तो स्वतःची तिथी मागू शकतो. त्या जागेला पक्कं छप्पर, पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृह हवं. यात्रेच्या वर्गणीतून आम्ही कमानीवर जेवढं खर्चतो, त्यातला वाटा पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गावांनी यासाठी काढावा, असं मी यंदाच्या बैठकीत मांडणार आहे.