चिंचणीचा ताम्रपट आणि किनाऱ्यावरचे भाताचे ताट

१/
बोईसर स्थानकातून चिंचणी-तारापूरकडे जाणारा रस्ता सुट्टीच्या दिवशी मुंबईकरांनी गजबजतो. सुरूच्या बनातली सावली, ताजी मासळी, भात, शहाळे आणि परतताना वारली चित्राची एखादी वस्तू, एवढीच या सहलीची अपेक्षा असते. प्रवाशाला खाडीपार नेणे आणि त्याच्यापुढे भाताचे ताट ठेवणे, या दोन साध्या गोष्टींचा सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचा लेखी पुरावा याच चिंचणीच्या मातीतून निघाला आहे.

२/
१९५५ साली चिंचणी येथे काही ताम्रपट सापडले. पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी त्यांचे वाचन ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळातील या ताम्रपटात किनाऱ्याच्या या पट्ट्याला ‘संयान मंडल’ म्हटले आहे. संयान म्हणजे चिंचणीच्या उत्तरेस, आज गुजरातेत असलेले संजाण. इराणहून आलेले पारशी ज्या बंदरात उतरले असे त्यांची परंपरा सांगते, तेच हे संजाण.

३/
या मंडलाचा अधिपती होता मधुमती. नाव ऐकताना संस्कृत वाटते. परंतु ताम्रपट त्याला ‘ताजिक’ म्हणतो, आणि ताजिक म्हणजे अरब. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’ या नावाचे संस्कृत रूप. त्याचे दुसरे नाव सुगतिप. तिसऱ्या इंद्राचा आजा दुसरा कृष्ण याने संपूर्ण संयान मंडल त्याच्या स्वाधीन केले होते. दहाव्या शतकात उत्तर कोकणचा कारभार एक अरब मुसलमान अधिकारी पाहत होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात सहसा भेटत नाही.

४/
या अधिकाऱ्याची थोरवी सांगताना ताम्रपट केवळ शौर्याची विशेषणे लावून थांबत नाही. त्याने दोन नद्यांवर मोफत तरी सुरू केली आणि एक अन्नसत्र उघडले, असे तो नोंदवतो. अन्नसत्रात काय मिळे, तेही लिहिले आहे : साळीचा भात, कालवणे आणि तूप. तेही विनामूल्य. राजदरबाराच्या दस्तऐवजात सामान्य वाटसरूचे ताट इतक्या नेमकेपणाने क्वचितच दिसते.

५/
याच ताम्रपटात एका मठिकेला दिलेल्या दानाचीही नोंद आहे. मठिका एका ब्राह्मणाने उभारलेली. दानाचा उद्देश मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि ब्राह्मणभोजन. दान देणारा अरब अधिकारी, त्याच्यावरचा सम्राट दख्खनच्या राष्ट्रकूट घराण्यातला, लेखाची भाषा संस्कृत आणि देवी स्थानिक. हे सारे एका तांब्याच्या पत्र्यावर नांदते, आणि लेखकाला त्यात काही नवल वाटलेले दिसत नाही.

६/
ही व्यवस्था निव्वळ दानधर्म होती का? किनाऱ्याचा नकाशा पाहिला की तिची व्यावहारिक बाजू लक्षात येते. वैतरणेपासून उत्तरेकडे हा किनारा खाड्यांनी जागोजागी चिरलेला आहे. पायी प्रवास करणाऱ्याची वाट दर थोड्या अंतरावर पाण्याशी अडते. तर असेल तर व्यापारी पुढे जातो, आणि जेवण मिळेल तर मुक्काम करतो. माल उतरतो, जकात मिळते. राष्ट्रकूट राजाला अरब लेखक ‘बल्हरा’ म्हणत, आणि तो मुसलमानांना आदराने वागवतो अशी त्यांची साक्ष आहे. पाहुणचार हा या किनाऱ्याच्या राज्यकारभाराचा भाग होता.

७/
शतकभराने राज्यकर्ते बदलले, रीत तशीच राहिली. चिंचणीच्याच दुसऱ्या एका ताम्रपटात, शके ९५६ म्हणजे इ. स. १०३४ मध्ये, शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज एका मठिकेला तेलाचा घाणा दान देतो. त्या तेलाचे दोन उपयोग सांगितले आहेत : देवीपुढचा दिवा आणि मठात येणाऱ्या विद्वान ब्राह्मणांच्या पायांना लावण्यासाठी तेल. चालून थकलेल्या पायांची काळजी तांब्यावर कोरून ठेवणारा हा किनारा आहे.

८/
मात्र या लेखांत एक मोठी उणीव आहे. दात्याचे नाव आहे, त्याच्या बापाचे आहे, सम्राटाच्या पूर्वजांची तर मालिकाच आहे. साळ कोणी पिकवली, होडी कोणी वल्हवली, भात कोणी शिजवला, यांतल्या एकाचेही नाव नाही. किनाऱ्याच्या पुढच्या हजार वर्षांच्या इतिहासात ही उणीव वारंवार भेटते.

९/
चिंचणीच्या दक्षिणेस केळवे-माहीम. बिंब राजाची कथा सांगणारी ‘महिकावतीची बखर’ या माहीमशी जोडली जाते. वि. का. राजवाडे यांनी ती संपादून १९२४ साली प्रसिद्ध केली. राजाबरोबर आलेल्या घराण्यांची यादी बखरीत मोठ्या अभिमानाने दिली आहे. पण पर्यटक आज जे पाहायला येतो, ती नारळी-पोफळीची, केळीची आणि पानवेलीची वाडी, हे वाडवळ आणि इतर बागायतदार समाजांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाचे फळ आहे. वाळूला लागून असलेल्या जमिनीत गोड्या पाण्याची विहीर राखायची, पानवेलीला ऊन आणि वारा बेतानेच लागू द्यायचा, हे ज्ञान बखरीत नाही. ते वाडीतच राहिले.

१०/
इथले जेवणही वाटते तितके ‘साधे’ नाही. हिवाळ्यात मडक्यात शिजणारी उकडहंडी घ्या. कंद आणि वालाच्या शेंगा जुन्या, इथल्याच. पण त्यांच्या शेजारचे रताळे, बटाटा आणि वाटणातली हिरवी मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर जी समुद्री देवाणघेवाण सुरू झाली, तिच्यातून ही पिके आपल्या शेतांत आली. डहाणू-घोलवडच्या ज्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ झाडही मध्य अमेरिकेतले. एका मडक्यात आणि एका टोपलीत दोन महासागरांचा इतिहास सामावतो.

११/
पोर्तुगीज आले ते तटबंदीही घेऊन. केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी किल्ल्यांची साखळीच त्यांच्या ‘उत्तर प्रांता’त उभी होती. १७३९ च्या आरंभी चिमाजी आप्पांच्या फौजांनी ती एकेक करून तोडली. तारापूरचा वेढा सर्वांत कठीण गेला. सुरुंग लावून तट फोडावा लागला, आणि पेशव्यांचा जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर इथेच गोळी लागून पडला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. वसईच्या विजयाची वाट तारापूरच्या तटावरून गेली होती.

१२/
पुढे पेशव्यांनी तारापूरचा किल्ला विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी गृहस्थांना इनाम दिला. विकाजी आणि त्यांचे बंधू पेस्तनजी यांची पेढी नंतर हैदराबादच्या निजामशाहीत नावाजली. ज्या तटासाठी शेकडो माणसे मेली, त्याच्या आत पुढे बागा आणि विहिरी राहिल्या. संजाणला उतरलेल्यांचे वंशज आणि मराठी राज्य यांच्यातला हा व्यवहार म्हणजे मधुमतीच्या काळच्या किनाऱ्याचाच पुढचा अध्याय म्हणावा लागेल.

१३/
१८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईपर्यंत पोहोचला आणि किनाऱ्याचे तोंड फिरले. बंदराकडे जाणारा माल स्थानकाकडे वळला. केळवे-माहीमचे पान रेल्वेने उत्तर भारतात जाऊ लागले, मासळी बर्फात भरून मुंबईला. सकाळी येऊन संध्याकाळी परतण्याची सोय ही याच लोहमार्गाची देणगी. २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आली आणि या सहलीला मुंबईकराच्या आठवड्यात कायमची जागा मिळाली. २०२५ मध्ये वैतरणेच्या खाडीवर विरार-सफाळे रो-रो सेवा सुरू झाली. मधुमतीची तर मोफत होती, एवढाच फरक!

१४/
आता ताटातल्या माशाकडे वळू. पालघरजवळचे सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेले गाव. इथल्या कोळ्यांनी सहकारी संस्था उभारून बर्फ, डिझेल आणि विक्री आपल्या हाती घेतली. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला ‘राज्यमासा’ घोषित केले. या गौरवामागे काळजी आहे : लहान पापलेट वाढण्याआधीच जाळ्यात येऊ लागले आणि मोठे मिळेनासे झाले. त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना किमान आकाराची अट लागली. ताटात तळहाताएवढे पापलेट आले, तर ते ‘ताजे’ असले तरी किनाऱ्याच्या उद्याच्या हिशेबातून काढलेले असते.

१५/
हस्तकलेत नावाचा प्रश्न अधिकच स्पष्ट होतो. वारली चित्र हे मूळचे लग्नाचे चित्र. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहीत, मध्यभागी पालघट देवी असे. लग्न पार पडले की चित्राचे काम संपे, म्हणून त्यावर सही नसे. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी या चित्रांकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. या किनाऱ्याच्या कलेला एक नाव मिळाले.

१६/
परंतु मशे पुरुष होते, आणि ज्या सवाशिणींच्या हातून ही कला आली त्या निनावीच राहिल्या. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही यंत्रावर छापलेल्या वारली नक्षीच्या पिशव्या आणि कप सर्रास विकले जातात, आणि त्यांतला एक रुपयाही कोणत्याही पाड्यावर पोहोचत नाही. हाताने काढलेल्या चित्रात दोन माणसे कधी तंतोतंत सारखी नसतात. छापलेल्या चित्रात ती असतात. खरेदीपूर्वी एवढे पाहिले तरी पुरे.

१७/
दुसरी कला पर्यटकाला बहुधा दिसतही नाही. चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू या पट्ट्यात डायमेकिंगचा घरगुती व्यवसाय आहे. धातूच्या ठोकळ्यावर छिन्नीने बारीक नक्षी उलटी कोरायची. सोनार त्यावर सोन्या-चांदीचा पातळ पत्रा ठोकतो आणि दागिन्याचा आकार उमटतो. मुंबईच्या झवेरी बाजारात एखादी नवरी जे डूल निवडते, त्याची पहिली रेघ समुद्रकाठच्या एखाद्या ओटीवर कोरलेली असू शकते. दागिन्यावर शिक्का पेढीचा असतो.

१८/
याच पट्ट्याने आधुनिक भारतालाही बरेच दिले आहे. १९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले व्यावसायिक अणुवीज केंद्र सुरू झाले, पाठोपाठ बोईसरची औद्योगिक वसाहत उभी राहिली. केंद्राच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. दुसरीकडे, १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. बोईसर-तारापूरच्या धुरांड्यांपासून इतक्या जवळ चिकूच्या वाड्या टिकल्या, त्यात या प्राधिकरणाचा मोठा वाटा आहे.

१९/
या प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारलेले वाढवणचे बंदर २०२३ मध्ये अटींसह मान्य झाले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. अंदाजित खर्च सुमारे ७६,००० कोटी रुपये. समर्थक रोजगार आणि खोल पाण्यातल्या मोठ्या जहाजांची सोय दाखवतात. मच्छीमार, बागायतदार आणि डायमेकर विचारतात, की खडकाळ उथळ समुद्रात भराव पडल्यावर मासे कुठे वाढतील आणि आमची घरगुती कामे कुठे जातील. बंदर या किनाऱ्याला नवे नाही. संयानही बंदरच होते. नव्या बंदरात वाटसरूच्या ताटाला आणि ते वाढणाऱ्या हातांना जागा असेल का, हा आजचा प्रश्न आहे.

२०/
जुन्या दानपत्रांच्या शेवटी सहसा एक शापवचन असते : दिलेली जमीन जो हिरावून घेईल, त्याला पाप लागेल. अन्नसत्राची जमीन पुढच्या राजाने बळकावू नये, म्हणून ही तरतूद. सातपाटीचा कोळी ज्या वाळूवर बोंबील वाळवतो, वाढवणचा मच्छीमार ज्या खडकांत जाळे लावतो, त्यांवरचा त्यांचा हक्क वहिवाटीचा आहे. त्यांच्याकडे ताम्रपट नाही आणि शापवचनही नाही. अकराशे वर्षे या किनाऱ्याने येणाऱ्याला जेवू घातले. त्या जेवणाच्या बदल्यात पाहुण्याने निदान वाढणाऱ्याचे नाव विचारावे आणि ते लिहून ठेवावे, म्हणजे मधुमतीच्या लेखकाकडून राहून गेलेले काम पुढे जाईल.